डाव्या गाठीचे दोन धागे

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी माझ्या टेबलावर एक गाठ आली. कागदावर लिहिलं होतं, डावा स्तन. गाठ म्हणत होती, उजवा.

गाठ बोलते म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा. गोंदियातल्या या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीचा टेक्निशियन म्हणून मी एकोणीस वर्षं काढली, आणि त्यात माणसांपेक्षा गाठींवर माझा जास्त विश्वास बसत गेला. माणसं वय चोरतात, तोंडात तंबाखू असताना खात नाही म्हणतात. गाठीला असलं काही जमत नाही. माझी बायको म्हणते, उमेंद्र, तुम्ही भाजीवाल्याच्या तराजूकडेसुद्धा आरोपीसारखं पाहता. पाहतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट म्हणजे डॉ. डिंपल बिसेन. मूळ दवनीवाड्याच्या, धानवाल्या घरातल्या. लोकांना वाटतं, पॅथॉलॉजिस्ट म्हणजे मेलेल्याची चिरफाड करणारा डॉक्टर. मॅडमचं खरं काम सुरू होतं ते जिवंत माणूस भूल घेऊन टेबलावर पडलेला असताना. सर्जन स्तनातली गाठ काढतात आणि थांबतात. गाठ आमच्याकडे येते. मी तिचे तुकडे मशीनमध्ये गोठवतो, केसाहून पातळ काप काढतो, काचेवर रंगवून मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. गाठीच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचला आहे का, आणि पोचला असेल तर कुठल्या बाजूनं, हे मॅडम सांगतात. मग सर्जन त्या बाजूचं थोडं आणखी काढतात आणि बाकी स्तन वाचतो. याला आम्ही फ्रोजन म्हणतो. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.

त्या दिवशी टेबलावर होती कामठ्याची हर्षा पटले, वय चौतीस. पंधरा दिवसांपूर्वी ती सुईच्या तपासणीला आली तेव्हा तिनं मॅडमचा हात सोडला नव्हता. "सगळं नोका काढू जी," ती म्हणाली होती. "गाठ काढा, बाकीचं माहं मले राहू द्या." कड स्वच्छ झाली तर स्तन वाचवायचा, नाही तर पूर्ण काढायचा, अशा कागदावर तिनं सही केली होती. आणि आज सकाळी तिचा सासरा बकाराम थिएटरच्या दारात उभा राहून डॉक्टरांना बजावून गेला होता, "अर्धंमुर्धं कायले? काढाचंच हाय त सारंच काढून टाका." मी ते ऐकलं होतं आणि म्हातारा माझ्या मनातून उतरला होता.

गाठीचा डबा मंदाबाई घेऊन आली. मंदाबाई आमची अटेंडंट, कुडव्याहून येते, पन्नाशीला टेकलेली. इथं लागण्याआधी वीस वर्षं बिड्या वळल्या, त्यामुळे तिची बोटं अजून स्वस्थ बसत नाहीत. डबा ठेवता ठेवता तिनं माझ्या ॲप्रनच्या खिशाचा सुटलेला दोरा आपल्या खिशातल्या कात्रीनं कापला. एरवी दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय न जाणारी बाई आज मुकाट्यानं गेली.

मॅडमनं डबा उघडला. आमचे सर्जन डॉ. वीरेंद्र कटरे गाठ बाहेर काढण्याआधी तिला दोन काळे रेशमी धागे बांधतात. आखूड धागा वरच्या कडेला, म्हणजे गळ्याकडे. लांब धागा बाहेरच्या कडेला, म्हणजे काखेकडे. हे धागे नसतील तर गाठ म्हणजे नुसता गोळा. तिचं वरखाली कुणालाही कळणार नाही. आज एक धागा बोटभर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढा होता, दुसरा दोन बोटं. गाठीची छातीला चिकटलेली पाठ मात्र चकचकीत पडद्यावरून आपोआप ओळखू येते.

पद्धत सोपी आहे. बाई आपल्यासमोर तोंड करून उभी आहे असं समजायचं. गाठीची पाठ खाली ठेवायची, आखूड धागा वर करायचा. डाव्या स्तनाची गाठ असेल तर लांब धागा आपल्या उजव्या हाताला येतो, उजव्या स्तनाची असेल तर डाव्या हाताला.

मॅडमनं गाठ ठेवली, आखूड धागा वर केला. लांब धागा डाव्या हाताला आला. त्यांनी गाठ उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

"उमेंद्रभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी नऊच्या ऑपरेशनची सुशिलाबाई कुठल्या बाजूची होती?"

"उजव्या," मी म्हणालो.

२

गाठी बदलल्या असतील तर हर्षाच्या छातीवर आम्ही सुशिलाबाईचा निकाल लावणार होतो. मी धावत कपाटाकडे गेलो. सुशिलाबाईची बरणी जागेवर होती. तिच्या गाठीला मीच सकाळी चार रंग लावले होते, मीच काप काढले होते. ती गाठ तिथंच होती. त्यानंतर थिएटरमधून आलेली गाठ ही एकच. म्हणजे ही हर्षाचीच.

मॅडमनं इंटरकॉम उचलला. "सर, गाठ डावी, धागे उजवे. बांधताना काही झालं का?"

"पंधरा साल से बांध रहा हूं," डॉ. वीरेंद्र तिकडून म्हणाले. "आखूड वर, लांब बाहेर."

"सकाळी तुम्ही उजवी बाजू केलीत. हाताला तीच सवय राहून लांब धागा आतल्या कडेला गेला असेल. तसं झालं तर गाठ अशीच दिसेल."

"मी चुकलेलो नाही." आवाज चढला. माणूस जितक्या जोरात हे म्हणतो तितका माझा संशय पक्का होतो. मी मान हलवली, पण मॅडमनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

गाठीचा फोटो थिएटरमधल्या फोनवर पाठवला. उत्तर लगेच आलं. गाठ लिंबासारखी गोल, छातीत तिच्या जागी पडलेला खड्डा आक्रसलेला; नुसतं पाहून बाजू सांगता येणार नाही. तेव्हा मॅडमनं बाजूंना नावं देणंच सोडून दिलं. आखूड धाग्याच्या कडेला निळी शाई, लांब धाग्याच्या कडेला पिवळी, उरलेल्या दोन्हींना काळी आणि हिरवी. मी चारही कडांचे तुकडे गोठवले, काप काढले, काचा रंगवल्या. मॅडमनं एकेक काच पाहिली. पिवळी स्वच्छ. काळी स्वच्छ. हिरवी स्वच्छ. निळ्या काचेवर त्यांची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

"निळ्या शाईला कॅन्सर टेकलाय," त्या म्हणाल्या. "आखूड धाग्याची कड."

"मग वरची बाजू," मी म्हणालो.

"डॉक्टर चुकले असतील, तर वरची. कारण मग आखूड धागा जागेवरच आहे, चूक फक्त लांब धाग्याची. पण डॉक्टर खरं बोलत असतील तर एकच शक्यता उरते. आज आपण ज्याला आखूड म्हणतोय तो धागा मुळात लांब होता. मग ही कड बाहेरची, काखेकडची. एकाच काचेची दोन उत्तरं होतात, उमेंद्रभाऊ, आणि त्यातलं एक चुकीचं आहे."

चुकीच्या बाजूचं काढलं तर काय होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चांगलं मांस जाईल आणि कॅन्सर आत शिवला जाईल.

मॅडमनं हे सगळं इंटरकॉमवर सांगितलं. 

"चारही बाजूंनी थोडं थोडं काढायचं म्हटलं तर तिथं काही उरतच नाही," डॉ. वीरेंद्र म्हणाले. आता त्यांचा आवाज रागीट नव्हता, थकलेला होता. "अंदाजावर मी कॅन्सर मागे ठेवणार नाही. पंद्रह मिनट, मॅडम. बाजू सांगता आली नाही तर पूर्ण काढतो."

३

थिएटरच्या दारात सिस्टर दुर्गेश्वरी उभी होती. गाठ डब्यात भरण्याचं काम तिचं. तिच्या कामात खोट काढलेली तिला चालत नाही, आणि आज तर मॅडम स्वतः विचारायला आल्या होत्या.

"डब्यात गाठ ठेवली तेव्हा धागे कसे होते, सिस्टर?"

"कसे म्हणजे? एक छोटा, एक लंबा. लंबा तर इतका की झाकणात अडकून राहिला होता. मी चिमट्यानं आत सारला, मंग झाकण लावलं."

"किती लांब? दाखवा."

सिस्टरनं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

मी आणि मॅडमनं एकमेकांकडे पाहिलं. आमच्या टेबलावरच्या गाठीला वीतभर धागा नव्हता. मोठा म्हणावा असा धागा दोन बोटांचा होता.

"म्हणजे डब्यातून निघाल्यावर—" मी सुरुवात केली.

"डबा तर तुमच्या टेबलावरच खुलला ना, उमेंद्रभाऊ?" सिस्टरनं मला मध्येच तोडलं. "कैची तुमच्याजवळच राहते. मले काऊन विचारून राहिले?"

माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षांत कुणी माझ्या कात्रीकडे बोट दाखवलं नव्हतं. मी दोन शब्द सुनावणारच होतो, पण पाहिलं तर मॅडमसुद्धा माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. आरोपीच्या जागी उभं राहिलं की तोंड कसं कोरडं पडतं ते मला त्या दिवशी कळलं.

"डबा मी उघडला, यांनी नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आणि उघडला तेव्हा धागे असेच होते. सिस्टर, डबा किती वाजता दिला?"

सिस्टरनं वहीत पाहिलं. "अकरा पाच."

आमच्याकडे डबा आला अकरा वाजून बाराला. थिएटर दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पहिल्या. एक जिना, एक वळण. मंदाबाई पाय ओढत चालली तरी दोन मिनिटं. उरलेली पाच मिनिटं डबा कुठं होता?

"मंदाबाईसोबत जिन्यावर कुणी दिसलं होतं का?" मॅडमनं विचारलं.

"तो सासरा," सिस्टर म्हणाली. "पेशंटचा. जिन्यातच बसून राहिला होता सकाळपासून."

४

बकाराम जिन्याच्या वळणावर बाकावर बसला होता. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, आणि आम्हाला पाहताच खाली गेलेली नजर. मनात म्हटलं, हाच. सारंच काढून टाका म्हणणारा हाच. बाजू कळली नाही तर ह्याच्याच मनासारखं होणार. मंदाबाईला गोडीगुलाबीनं थांबवायचं, धाग्याला हात लावायचा, किती वेळ लागतो? मी मनातल्या मनात त्याला बेड्यासुद्धा घालून टाकल्या.

मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. घाई त्यांच्या अंगात दिसत नव्हती, पण मनगटावरच्या घड्याळावर त्यांचं बोट होतं.

"काकाजी, इकडून मंदाबाई गेली का डबा घेऊन?"

"गेली असन. मी काई पाह्यलं नाई. लाल लाल होतं काई त, मी नजरच फिरवली."

"डबा पांढरा आहे, काकाजी. बाहेरून लाल काही दिसत नाही."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा गमछा ओढला. गमछ्याचं टोक हातात चुरगाळू लागला.

"झाकण उघडं होतं ना?"

"होतं," तो म्हणाला. "पर मी हात नाई लावला. देवाशपथ नाई लावला."

"सगळं काढा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना सकाळी?" मी मध्ये तोंड घातलं. राहवलंच नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "माही बायको देवका याच रोगानं गेली. बारा साल झाले. तवा कोनी सांगितलं नाई का थोडं काढलं का सारं काढलं. मले येवढंच समजते का काई तरी मागं राह्यलं म्हनून ते गेली. पोराची बायको हाय, माही पोरगीच होय ते. तिले नाई जाऊ देत मी."

मला माझीच लाज वाटली. बेड्या मुकाट्यानं काढून घेतल्या.

मॅडमनं त्याच्या हातावर हात ठेवला. "काकाजी, डबा तुम्ही मागितला होता का पाहायला?"

"नाई जी," तो म्हणाला. "मी कायले मांगतो? ते बाईच तिथं पायरीवर बसली, झाकन खोललं, अना पाहून राहिली. येकटीच. मी हाय त्याचंबी भान नोहतं तिले."

५

मंदाबाई कपडे धुण्याच्या खोलीत चादरी मोजत होती. आम्ही आत आलो तशी तिची मोजणी चुकली.

"मंदाबाई, डबा वाटेत उघडला होतात?"

"नाई जी. भगवानशपथ. मी कायले खोलतो? सिस्टरनं देल्ला तसाच आनला."

"उशीर झाला पाच मिनिटं."

"पाय दुखून राहिला."

खोटं बोलताना काही लोक नजर चुकवतात. मंदाबाई सरळ मॅडमच्या डोळ्यांत पाहत होती, पण तिची बोटं चादरीच्या काठावरून फिरत होती. तिथला एक सुटलेला धागा त्यांनी पकडला, ताणला, आणि दुसऱ्या हातानं खिशातली कात्री काढून बुडाशी कापला. तिला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. मॅडम त्या हातांकडे पाहत होत्या.

"तुम्ही बिड्या वळायचात ना? कारखान्यात धागा लोंबत राहिला तर काय करायचे?"

"बाजूले फेकत. तेवढी बिडी मोजतच नोहते." बोलता बोलता ती थांबली. हातातल्या कात्रीकडे तिनं पाहिलं आणि कात्री घाईनं खिशात टाकली.

मॅडमनं आवाज चढवला नाही. हाताचं बोट उभं करून त्या मला सांगितल्यासारखं बोलू लागल्या, पण ऐकायचं होतं मंदाबाईनं. "सकाळच्या सुशिलाबाईच्या गाठीचा आखूड धागा दोन बोटं होता, लांब वीतभर. डॉ. वीरेंद्र नेहमी तसेच ठेवतात. आत्ताच्या गाठीचा मोठा धागा दोन बोटं आहे. म्हणजे तो त्यांचा नेहमीचा आखूड, आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. वीतभराचा धागा कुणीतरी बुडाशी कापला, म्हणून तो बोटभर उरला आणि आखूड ठरला. हा माझा तर्क आहे. पण डॉक्टर तर्कावर सुरी चालवणार नाहीत. आखूड धागा दोनच बोटं ठेवला होता अशी शपथ ते आज घेणार नाहीत. त्यांना कापणाऱ्याचा शब्द हवाय."

 डबा वाटेत उघडला तर कामावरून काढू, अशी नोटीस गेल्या महिन्यातच लागली होती. लावली मीच होती, तिच्याच हातून डिंक घेऊन.

"पाच मिनिटं उरलीत, मंदाबाई. बाजू कळली तर हर्षाचा स्तन वाचतो. नाही कळली तर पूर्ण जातो. कुणाची नोकरी, कुणाची चूक, ते मी उद्या पाहीन. आता मला फक्त सांगा, तुम्ही कापलेला धागा कसा होता?"

मंदाबाईनं ॲप्रनच्या खिशात हात घातला. कागदाच्या पुडीत गुंडाळलेला काळा रेशमी तुकडा तिनं मॅडमच्या तळहातावर ठेवला.

"लय लंबा होता जी. झाकन खोललं त बाहीर लटकून राहिला. हात गेला आपसूक. बिडीचा कापतो तसा जवळून कापला. जिन्यात कचरा नोको म्हनून खिशात ठेवला." मग ती रडू लागली. "मले का मालूम, त्या धाग्यावर बाईचं सारं हाय म्हनून?"

मॅडमनं तुकडा वितीवर लावून पाहिला. वीत भरायला बोटभर कमी पडत होता.

आम्ही धावलो. इंटरकॉमवर मॅडमनं चारच वाक्यं सांगितली. तिकडून डॉ. वीरेंद्र म्हणाले, "मतलब बाहरवाला साइड. पक्का?"

"पक्का. कापलेला तुकडा माझ्या हातात आहे."

मी घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं झाली होती.

६

बाहेरच्या कडेचा काढलेला नवा तुकडा घेऊन सिस्टर दुर्गेश्वरी स्वतः आली. डबा तिनं दोन्ही हातांत धरला होता, आणि माझ्याकडे पाहायचं टाळत होती. मीही फारसा आग्रह केला नाही.

मॅडमचा तर्क खरा असेल, तर या तुकड्याच्या आतल्या अंगाला कॅन्सरचं उरलेलं टोक दिसायला हवं होतं. तर्क खोटा असेल, तर तुकडा सगळा स्वच्छ निघाला असता, आणि हर्षाच्या छातीत वरच्या बाजूला तो तसाच बसून राहिला असता. मी काप काढले, रंगवून काच मॅडमपुढे ठेवली. 

मॅडमनं काच पाहिली. "आतल्या अंगाला आहे, तांदळाएवढा. बाहेरची कड स्वच्छ. सगळी स्वच्छ." त्यांनी डोळे मिटले, उघडले, इंटरकॉम उचलला. "सर, शिवा आता."

"थँक यू," डॉ. वीरेंद्र म्हणाले, आणि थोडं थांबून, "मी म्हणालो होतो ना, मी चुकलो नव्हतो."

"म्हणाला होतात," मॅडम म्हणाल्या. "माफ करा, तरी विचारावंच लागतं."

दुपारी हर्षा शुद्धीवर आली. तिला काय काय सांगायचं ते डॉक्टरांनी सांगितलं. बकाराम बाहेर येऊन मॅडमला इतकंच म्हणाला, "मागं काई राह्यलं नाई ना?" मॅडम म्हणाल्या, "कड स्वच्छ आहे, काकाजी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली." म्हातारा भिंतीला टेकला.

रहस्यकथा इथंच संपायला हवी होती. माझ्या मते संपलीही होती. मॅडमच्या मते एक प्रश्न राहिला होता.

चार वाजता त्यांनी मंदाबाईला खोलीत बोलावलं. ती हिशोब करूनच आली असावी की आपली नोकरी गेली; घरच्या चपला घालून, पिशवी घेऊन आली होती.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "धागा का कापला ते कळलं. डबा का उघडला ते तुम्ही सांगितलं नाहीत. काकाजींनी मागितला नव्हता. तुम्ही एकट्याच पाहत होतात. सिस्टर म्हणते, गाठीचा डबा न्यायचा असला की तुम्ही दुसऱ्या कुणाला नेऊ देत नाही, आणि तोही फक्त स्तनाचा असला तर. गर्भाशयाचे, पित्ताशयाचे डबे कुणीही नेलेले चालतात. काऊन, मंदाबाई?"

मंदाबाई पिशवीचा बंद पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "किती काढते ते पाहाले."

"कुणाचं?"

"कोनाचंबी." तिनं वर पाहिलं. "त्या हर्षाचा वाचला ना जी? खरंच वाचला?"

"वाचला."

"मंग..." तिचा उजवा हात आपोआप डाव्या बाजूला, पदराखाली गेला. "मंग माही पाहाल का? आठ महिने झाले. मले वाटे, दाखवली का सारंच जाते. डब्यातलं पाह्यलं का भेवच वाटे."

आठ महिने. आठ महिने ही बाई रोज माझ्या टेबलावर डबे ठेवून जात होती, आणि मी डब्यांवरची नावं तपासत होतो. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला समोरचं माणूस दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला, आणि ते लपवायलाही जमलं नाही.

मॅडमनं पडदा ओढला. बोरापेक्षा मोठी नव्हती, असं त्या नंतर म्हणाल्या. सुई मी तयार करून दिली. काच मीच रंगवली. मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या, आणि मंदाबाई पडद्याबाहेर येऊन त्यांच्या पाठीकडे पाहत उभी राहिली.

मॅडम वळल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "कॅन्सर आहे, मंदाबाई. पण लहान आहे. बाकी तपासण्या नीट निघाल्या तर हर्षासारखंच करता येईल. गाठ काढू, कड पाहू, बाकीचं तुमचं तुम्हाला राहील."

मंदाबाईनं मान डोलावली. रडली नाही. बराच वेळ तिनं आमच्या टेबलाकडे, मशीनकडे, रिकाम्या डब्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"अना माहा डबा वरून कोन आनन?" तिनं विचारलं.

"मी आणीन," मी म्हणालो.